तानाजी कोंढाण्यावर कुणासाठी गेला?

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तो कुणासाठी चढला, असं विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. तुम्ही गोष्ट कुठून ऐकली त्यावर ते ठरतं. सभासदाची बखर वाचली असेल तर तो शिवाजी महाराजांच्या कामासाठी गेला. तुळशीदास शाहिराचा पोवाडा ऐकला असेल तर जिजाऊंनी गड मागितला म्हणून गेला. आणि हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ वाचली असेल, किंवा २०२० चा ‘तान्हाजी’ सिनेमा पाहिला असेल, तर त्या गडावर कमल नावाची एक राजपूत स्त्री कैदेत असते. मग लढाईला आणखी एक कारण मिळतं.

गड तोच, रात्र तीच, मरणारा माणूस तोच. कारण मात्र बदललेलं.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीचा. आमचा तालुका चिखली. जिजाऊंचं माहेर, सिंदखेडराजा, आमच्याच जिल्ह्यात. दर वर्षी १२ जानेवारीला तिथे जन्मोत्सवाला राज्यभरातून माणसं येतात. ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० ला लागला, म्हणजे जन्मोत्सवाच्या दोनच दिवस आधी. सिनेमा पाहून आलेल्या धाकट्या चुलतभावानं मला विचारलं, “दादा, तानाजीनं कोंढाणा त्या कमलसाठीच घेतला व्हता का?” तो चेष्टेनं विचारत नव्हता. गोष्टीत बाई कैदेत असेल आणि नायक गडावर जात असेल, तर दुसरं काय समजायचं?

त्याला “नाही रे, ते सिनेमावाल्यांनी घातलं” असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते उत्तर अर्धवट आहे. सिनेमाच्या शंभरेक वर्षं आधी आपट्यांनी हे केलं होतं. आणि आपट्यांच्याही सातशे-आठशे वर्षं आधी इंग्लंड-फ्रान्समध्ये वीरांच्या गोष्टींचं असंच काहीतरी झालं होतं. तिथल्या अभ्यासकांनी या दोन प्रकारांना दोन नावं दिली आहेत: एपिक आणि रोमान्स. आपण एपिकला वीरकाव्य म्हणू. रोमान्स हा शब्द मात्र तसाच ठेवावा लागेल, पण त्यातून आजचा अर्थ बाजूला काढून. तेव्हा ‘रोमान्स’ म्हणजे प्रेमप्रकरण नव्हे. लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या फ्रेंचसारख्या ‘रोमन’ बोलीत सांगितलेली गोष्ट, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे अशा गोष्टींत नाइट, जंगलं, जादू, राण्या आणि कसोट्या इतक्या आल्या की तो शब्द त्या प्रकारालाच चिकटला.

माल्डनचा किनारा

आधी वीरकाव्य पाहू. इसवी सन ९९१ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधल्या माल्डनजवळ, व्हायकिंगांची गलबतं आली. खंडणी द्या, आम्ही निघून जातो, असा त्यांचा निरोप होता. तिथला सरदार बर्थनॉथ याने खंडणी नाकारली. व्हायकिंग एका बेटावर होते आणि किनाऱ्यावर येण्याची वाट अरुंद होती, तीही ओहोटीतच उघडी पडायची. त्या वाटेवर त्यांना अडवून धरता आलं असतं. बर्थनॉथने त्यांना अलीकडे येऊ दिलं आणि मोकळ्या जमिनीवर लढाई झाली. तो पडला. गॉड्रिक नावाचा एक जण सरदाराच्याच घोड्यावर बसून पळाला. घोडा पाहून अनेकांना वाटलं सरदारच पळतोय, आणि तेही पळाले.

या लढाईवर जे काव्य आहे त्याचा उरलेला सगळा भाग पळून न गेलेल्यांचा आहे. एकेक जण पुढे येतो, आपलं नाव सांगतो, काय शब्द दिला होता ते सांगतो आणि लढायला जातो. त्यात डनर नावाचा एक साधा शेतकरीसुद्धा आहे. आणि शेवटी बर्थवोल्ड नावाचा एक म्हातारा सैनिक म्हणतो की बळ जसं कमी होईल तसं मन अधिक घट्ट व्हायला हवं, आणि मी इथून जाणार नाही, माझ्या धन्याशेजारीच पडणार.

ते काव्य अपुरं आहे. सुमारे ३२५ ओळीच उरल्या आहेत. १७३१ मध्ये लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली तेव्हा त्याची एकमेव हस्तलिखित प्रत जळाली. आगीच्या काही वर्षं आधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती, म्हणून आज ते वाचता येतं. त्याच आगीत ‘बेवुल्फ’चीही एकमेव प्रत होती. कडा करपल्या, पण ती वाचली. जुन्या इंग्रजीतलं सर्वांत मोठं वीरकाव्य, ३,१८२ ओळींचं, आणि जगात त्याची एकच कॉपी. आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याला कामावरून काढतील.

बेवुल्फ तीन लढाया लढतो: ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी, ग्रेंडेलच्या आईशी, आणि राजा म्हणून पन्नास वर्षं गेल्यावर म्हातारपणी एका अग्निसर्पाशी. शेवटच्या लढाईत त्याचे निवडक सैनिक रानात पळून जातात. विग्लाफ नावाचा एकच तरुण नातेवाईक त्याच्या बाजूला उभा राहतो. बेवुल्फ सर्पाला मारतो आणि मरतो. काव्य त्याच्या चितेपाशी संपतं. आता आपलं काय होणार, ही भीती तिथे जमलेल्या लोकांच्या मनात आहे.

या दोन्ही काव्यांत नायकाच्या मनात काय चाललंय याची फारशी चौकशी नाही. धनी आणि त्याचे लोक यांच्यातला करार मोठा आहे. धनी घोडे, तलवारी, सोन्याची कडी देतो. लोक वेळ आल्यावर मागे हटत नाहीत. बेवुल्फमध्ये राजाला कडी वाटणारा म्हणतात ते यामुळेच. माणसाची किंमत एकाच जागी कळते, ती म्हणजे सगळं हरत असताना तो कुणाशेजारी उभा होता.

हिरवा नाइट

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रान्समध्ये बाराव्या शतकात क्रेतियां द त्रॉयसारखे कवी आर्थर राजाच्या नाइटांच्या गोष्टी रचत होते. त्या इंग्लंडात आल्या, आणि हळूहळू इंग्रजीतही तशा गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. त्यातली एक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, ‘सर गवेन आणि हिरवा नाइट’.

आर्थरच्या दरबारात नव्या वर्षाची मेजवानी चालू आहे. एक अंगापासून घोड्यापर्यंत हिरवा असलेला दांडगा स्वार आत येतो आणि आव्हान देतो: आत्ता माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षभरानं तसाच घाव सोसायला माझ्याकडे या. गवेन पुढे होतो, त्याचं डोकं उडवतो. हिरवा नाइट आपलं डोकं उचलून, वर्षाची आठवण करून देऊन निघून जातो. पुढच्या हिवाळ्यात गवेन एकटाच त्याला शोधत निघतो. वाटेत एका गढीत मुक्काम करतो. गढीच्या मालकाशी त्याचा करार होतो: तू घरी राहून दिवसभरात जे मिळवशील ते मला द्यायचं, मी शिकारीत मिळवीन ते तुला. तीन दिवस मालक शिकारीला जातो आणि तीन दिवस मालकीण गवेनच्या खोलीत येऊन त्याला मोहात पाडायचा प्रयत्न करते. तो चुंबनांवर निभावतो आणि संध्याकाळी ती मालकाला परतही करतो. पण तिसऱ्या दिवशी ती त्याला एक हिरवा पट्टा देते. हा कमरेला असेल त्याला कुणी मारू शकत नाही, असं सांगते. तो पट्टा मात्र गवेन लपवतो.

शेवटी हिरवा नाइट हा त्या गढीचा मालकच निघतो. त्याच्या कुऱ्हाडीनं गवेनच्या मानेला फक्त ओरखडा उठतो, आणि तो त्या लपवलेल्या पट्ट्याबद्दल. मालक हसून सोडून देतो. आर्थरचा दरबारही हसून त्याला जवळ करतो. गवेनला स्वतःलाच ते सोडून देता येत नाही. तो पट्टा तो लाजेची खूण म्हणून बांधून फिरतो.

इथे सगळंच बदललेलं दिसतं. लढाई जवळजवळ नाही. नायक एकटा आहे, सोबतीला पाचशे माणसं नाहीत. तो आपल्या भूमीवर उभा नाही, अनोळखी जंगलातून चालला आहे. शत्रू गावावर चालून आलेला नाही, त्यानं खेळासारखं आव्हान दिलं आहे. बाई इथे परीक्षा घेते. आणि खरी कसोटी रणात नाही तर झोपण्याच्या खोलीत होते, जिथे कुणी बघत नाही. शेवटी नायक मरत नाही. तो घरी परत येतो, पण पहिल्यासारखा राहत नाही.

वीरकाव्य विचारतं, वेळ आली तेव्हा तू तुझ्या लोकांबरोबर होतास का? रोमान्स विचारतो, एकटा असताना तू कसा होतास?

मावळातला माल्डन

आता सिंहगडाकडे येऊ. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणा होता. १६७० मध्ये ते परत घेण्याची मोहीम सुरू झाली. कोंढाण्यावर मुघलांच्या वतीने उदयभान राठोड हा राजपूत किल्लेदार होता.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. त्यात हा प्रसंग अगदी थोडक्यात येतो. तानाजी पाचशे मावळे निवडतो, रात्री कडा चढतो, उदयभानाशी गाठ पडते. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतो. दोघेही एकमेकांच्या हातून मरतात. मग भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. पागेला आग लावून राजगडाला इशारा दिला जातो. सभासद उदयभानालाही थोर योद्धा म्हणतो. शत्रू आहे म्हणून त्याला नालायक करत नाही. आणि महाराजांना गड मिळाल्याच्या आनंदापेक्षा माणूस गेल्याचं दुःख मोठं होतं.

नंतर सांगितल्या गेलेल्या वृत्तांतांत, जसं ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात, सूर्याजीचा प्रसंग वाढलेला दिसतो. तानाजी पडल्यावर मावळे दोरांकडे पळतात. सूर्याजी त्यांना सांगतो की दोर तर केव्हाच गेले, आणि बापाचं प्रेत शत्रूच्या हाती टाकून जाणार का, असं विचारतो. सरदाराला बाप म्हणणं आणि त्याचं प्रेत सोडून पळण्याची लाज, हे माल्डनच्या त्या काव्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. ९९१ मधला एसेक्सचा शेतकरी आणि १६७० मधला मावळा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी दोघांच्या गोष्टीत सरदार पडतो, काही जण पळू लागतात आणि उरलेले पाय रोवतात. सरदार लोकांमध्ये राहून लढतो आणि पोट त्याच्या हातून भरतं, तिथे ही एकच भीती सगळ्यांच्या पोटात असते.

तुळशीदासाचा पोवाडा बखरीपेक्षा कितीतरी रंगीत आहे. त्यात जिजाऊ प्रतापगडावर आहेत. लांबून त्यांच्या नजरेला कोंढाणा पडतो. त्या राजगडावरून महाराजांना बोलावून घेतात आणि त्यांच्याशी फासे खेळायला बसतात. डाव जिंकतात आणि कोंढाणा मागतात. महाराज तानाजीला निरोप धाडतात. उमरठ्याला त्याच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी चालू आहे. ते लग्न तिथेच राहतं. सोबत ऐंशी वर्षांचा शेलारमामा निघतो. घोरपड कड्यावर चढायला नाखूश असते. वर गेल्यावर चंद्रावली हत्ती, सिद्दी हिलाल, उदयभानाचे बारा मुलगे असे एकामागून एक समोर येतात. उदयभान स्वतः राक्षसासारखा खाणारा, अनेक बायकांचा.

म्हणजे अतिशयोक्ती इथे भरपूर आहे. बेवुल्फमधला ग्रेंडेल आणि पोवाड्यातला उदयभान एकाच भट्टीतले आहेत. गाणाऱ्याला रात्र जागवायची आहे. डफ, तुणतुणं आणि मागे झील धरणारे, समोर बसलेला अख्खा गाव. अशा ठिकाणी शत्रू अवाढव्यच लागतो. पण अतिशयोक्ती असूनही कारणं साधी आणि उघडी आहेत. आईने मागितलं. राजाने बोलावलं. माणूस गेला. शेलारमामा हा तर आपला बर्थवोल्डच. म्हातारा झाला म्हणून घरी बसायला तयार नसलेला.

१८९१ मध्ये हे पोवाडे हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोळा करून छापले. ॲक्वर्थ हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. १८९४ मध्ये त्याने त्यातले काही इंग्रजीत, तिथल्या बॅलडच्या चालीवर उतरवले. गोंधळ्यांच्या तोंडात असलेलं गाणं त्या इंग्रज अधिकाऱ्याला ओळखीचं वाटलं, ते उगाच नाही.

कमलकुमारी येते

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच रात्र कादंबरीत लिहिली. त्यांची कथा सुरू होते ती सती जायला निघालेल्या एका राजपूत विधवेपासून, कमलकुमारीपासून. उदयभान तिला पळवून नेतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. आता गडावर एक बंदिवान स्त्री आहे, एक अभिलाषा धरणारा पुरुष आहे. गड घेणं म्हणजे तिची सुटकाही आहे.

बखरीत कमलकुमारी नाही. पोवाड्यातही नाही. ती आपट्यांची आहे, किंवा नीट म्हणायचं तर रोमान्सची आहे. गढीत कोंडलेली स्त्री, दुष्ट सरदार आणि सोडवायला येणारा वीर, ही मांडणी युरोपच्या रोमान्समधून वॉल्टर स्कॉटच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत आली, आणि स्कॉट आपल्याकडचे इंग्रजी शिकलेले लोक आवडीनं वाचत होते. मराठीत १८६१ ची हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी आणि १८७१ ची गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी आधीच आलेल्या होत्या. वाट तयार होती. आपट्यांनी त्या वाटेवरून तानाजीला नेलं.

पुढे पडद्यावरही तीच वाट चालू राहिली. १९२३ मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ हा मूकपट आपट्यांच्या कादंबरीवरून काढला. त्यात व्ही. शांताराम यांनी शेलारमामाचं काम केलं. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभातसाठी शांतारामांनी तीच कथा बोलपटात आणली. २०२० मध्ये कमल पुन्हा आली.

आधी काय, नंतर काय

पुष्कळदा असं समजलं जातं की वीरकाव्य म्हणजे समाजाचं बालपण आणि रोमान्स म्हणजे तो वयात आल्यावरची गोष्ट. इंग्लंडकडे पाहिलं तर तसं वाटतं, आधी बेवुल्फ, मग गवेन. पण मराठीत क्रम उलटा आहे. महानुभाव कवी नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ तेराव्या शतकाच्या अखेरचं, देवगिरीच्या रामदेवराव यादवांच्या काळातलं. त्यात प्रेम आहे, विरह आहे, हरण आहे, अलंकारांची श्रीमंती आहे. ते देवाचं चरित्र आहे, पण गोष्टीचा बाज रोमान्सच्या जवळचा. आज हाती असलेला सर्वांत जुना पोवाडा मात्र त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी येतो. तो अज्ञानदासाचा, १६५९ च्या अफझलखान वधावरचा.

म्हणजे हा वयाचा प्रश्न नाही, गरजेचा आहे. यादवांच्या भरल्या दरबाराला स्वयंवर हवं होतं. सतराव्या शतकात माणसं रोज कुणाच्यातरी बाजूनं मरत होती, बाजू कोणती घ्यायची हा घरोघरचा प्रश्न होता. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव १६२९ मध्ये निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले. ज्या मुलीनं माहेर असं संपलेलं पाहिलं, तिच्या मुलाच्या काळात ‘कुणाशेजारी उभा राहिलास’ हे विचारणारं गाणं जन्मावं, यात आश्चर्य नाही.

आपट्यांचा काळ तिसराच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातली हत्यारं गेलेली. वाचणारा कारकून, मास्तर, वकील. आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेलं ‘करमणूक’ साप्ताहिक घरी यायचं आणि दिव्याच्या उजेडात वाचलं जायचं. हा वाचक गावाबरोबर बसून डफ ऐकत नाही, एकटा वाचतो. त्याला फक्त ‘तानाजी गेला’ पुरत नाही. तो गेला तेव्हा त्याच्या मनात काय होतं, आणि गडावर अडकलेल्या माणसाला ती रात्र कशी गेली, हे त्याला हवं असतं. सुधारणावादी आपट्यांना सतीचं आणि विधवेचं दुःख डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांनी ते गडावर नेऊन ठेवलं. पोवाड्यात तशा दुःखाला जागा नाही. तिथे बायका एकतर आज्ञा देतात, नाहीतर मागे राहतात. रोमान्सने आपल्याला माणसाच्या आतलं बघायला शिकवलं, हे त्याचं देणं मोठं आहे.

पण त्याची किंमतही आहे, आणि ती कुणी चुकवली ते पाहिलं पाहिजे.

पहिली किंमत उदयभानाने चुकवली. सभासदाच्या बखरीत तो तोलामोलाचा योद्धा आहे. पोवाड्यात तो राक्षस आहे, पण राक्षसाशी लढताना आपण त्याच्या चारित्र्याचा हिशेब मांडत नाही. रोमान्समध्ये तो बाईवर नजर ठेवणारा होतो. एकदा तसा झाला की त्याचा पराभव हा त्या माणसाच्या नीचपणाचा पुरावा बनतो, आणि पुढे त्याच्या जातीचा, धर्माचा, प्रांताचाही बनवता येतो. मुघलांच्या नोकरीतला एक राजपूत आणि मावळातला एक मराठा, दोघेही आपापल्या धन्याच्या मिठाला जागून एकाच रात्री मेले, ही गोष्ट मग सांगताच येत नाही.

दुसरी किंमत पाचशे मावळ्यांनी. माल्डनच्या काव्यात डनर शेतकऱ्याला नाव आहे, दोन वाक्यं आहेत. रोमान्समध्ये नायकाच्या मागची माणसं गर्दी होतात. सिनेमात तर ती कॉम्प्युटरवर वाढवली जातात.

तिसरी किंमत जिजाऊंनी, आणि आम्हा बुलढाण्याच्या लोकांना ती जास्त लागायला हवी. पोवाड्यातल्या जिजाऊ फासे टाकतात, डाव जिंकतात आणि राजकारणातली एक गोष्ट, एक गड, स्पष्ट मागतात. तो प्रसंग कविकल्पना असेल. पण गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना एक बाई गड मागते यात काही विचित्र वाटलं नाही. मोहिमेचं कारण तीच आहे. रोमान्समध्ये लढाईच्या मध्यभागी जी स्त्री येते तिला स्वतःची सुटका करता येत नाही. सिनेमातल्या जिजाऊ गड परत येईपर्यंत अनवाणी राहण्याचा पण करतात. त्यात तेज आहे, पण हातात फासे नाहीत. गड मागणारी बाई बाजूला सरकते आणि गडावर अडकलेली बाई मध्ये येते. आणि हे इतकं गुपचूप होतं की सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातला पोरगाही कमलबद्दल विचारतो, जिजाऊंबद्दल नाही.

मला यातली कुठलीही गोष्ट बंद पाडायची नाही. गवेन मला बेवुल्फपेक्षा जवळचा वाटतो. लपवलेला पट्टा कमरेला बांधून फिरणारा माणूस मला रोज ऑफिसात भेटतो. आपटेही वाचावेत. सिनेमाही बघावा, शिट्ट्या माराव्यात. अडचण तिथे येते, जिथे आपण रोमान्स बघतो आणि त्याच्यावर विश्वास मात्र इतिहासासारखा ठेवतो. मोबाइलवर तीस सेकंदांची क्लिप येते. तिच्यात कडा बखरीतला, हत्ती पोवाड्यातला, बाई कादंबरीतली आणि डायलॉग सिनेमातला. खाली लिहिलेलं असतं, खरा इतिहास. ते कुणी नाकारलं की भांडण सुरू. भांडणाऱ्या दोघांनाही माहीत नसतं की आपण कुठल्या प्रकारच्या गोष्टीसाठी भांडतोय.

सिंहगड हे नावसुद्धा तानाजीच्या मरणानंतर पडलं असं आपण शिकलो. पण १६७० च्या आधीच्या पत्रांत ते नाव येतं, हे इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. त्याने तानाजी लहान होत नाही. उलट कळतं की लोकांना त्या माणसाचं जाणं इतकं लागलं की आधीपासूनचं नावही त्यांनी त्याच्या नावे करून टाकलं. हेही एक प्रकारचं कडं देणंच, फक्त इथे राजाऐवजी लोकांनी दिलेलं.

चुलतभावाला मी शेवटी एवढंच सांगितलं: बखरीत तो राजांसाठी गेला, पोवाड्यात तुझ्या जिल्ह्यातल्या बाईनं मागितलं म्हणून गेला, आणि कमल फार नंतर आली. त्याने विचारलं, यातलं खरं कोणतं. मी म्हटलं, तो गेला आणि परत आला नाही, एवढं तिन्हींत सारखं आहे. तिथून सुरुवात कर. मग पोवाडा कुठे ऐकायला मिळेल, असं त्यानं विचारलं. मी त्याला लिंक पाठवली. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: “फाशांचं सिनेमात काऊन नाही दाखवलं?”